कोऱ्या काकूंचा रंग

कुणाला आपल्या घराचा अभिमान असतो, कुणाला जावयाच्या नोकरीचा. कोऱ्या काकूंना आपल्या रक्ताचा होता. घराण्याच्या रक्ताचा नव्हे, ते कोण बघतं. सुईने हातातून काढतात त्या साध्यासुध्या लाल रक्ताचा.

काकू एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायच्या. बाटल्या, चंबू, मोजपात्रं, नळ्या. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग शुद्ध केलेलं पाणी, मग वाफेचा तो भलामोठा कुकर आणि शेवटी कपाटाएवढ्या भट्टीत वाळवण. त्यांनी धुतलेली बाटली उजेडासमोर धरली तर हातात बाटली आहे की नुसताच उजेड, अशी शंका यावी. सकाळी पहिला नळ सोडण्याआधी त्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळणार नाही असं. नळ एकदा सुटला की मग पाणी आणि काकूंचं तोंड दोन्ही दिवसभर चालू.

आता ही प्रयोगशाळा करायची काय, तर कॅन्सर लवकर पकडायचा. तोही गाठ चाचपून नाही, तर शरीराच्या आतल्या पहारेकऱ्यांना विचारून. आपल्या अंगात परका कुणी शिरला किंवा आपल्यातलीच एखादी पेशी वाह्यात निघाली की आतल्या पहारेकऱ्यांना तिचा वास लागतो. ते तिच्या मापाचं खास हत्यार घडवतात. अँटिबॉडी म्हणतात ती हीच. गाठ हाताला लागायला, दुखायला, खुपायला कितीतरी काळ जातो. पण पहारेकऱ्यांनी बऱ्याचदा ती टाचणीच्या डोक्याएवढी असतानाच ओळखलेली असते आणि त्यांची हत्यारं रक्तातून फिरत असतात. आपल्याला पत्ता नसतो, एवढंच. ती हत्यारं रक्तात सापडतात का, हे बघायचं काम इथे चाले.

बघायची रीतही मोठी मजेदार. तळहाताएवढी प्लॅस्टिकची एक प्लेट, तिच्यात बाहुलीच्या वाट्यांसारखे ओळीने खळगे. खळग्यांच्या तळाशी कॅन्सरच्या पेशींमध्ये सापडणारी प्रथिनं चिकटवलेली. रक्त गोठल्यावर वर जी पिवळट निवळ सुटते, ती एकेका माणसाची एकेका खळग्यात घालायची. हत्यारं असली तर ती त्या प्रथिनांना धरून बसतात आणि बाकीचं धुऊन जातं. मग शेवटचं औषध घातलं की जिथे कुणी धरून बसलंय तिथे पिवळाधमक रंग चढतो. नसली, तर खळगा पाण्यासारखा कोरा.

पण प्लेटच बनेल निघाली तर? म्हणून प्रत्येक प्लेटच्या पहिल्या खळग्यात एका ठणठणीत माणसाची निवळ घालायची. तो खळगा कोरा राहिला तर प्लेट खरी. त्याला रंग आला तर प्लेट बिघडली, अख्खी कचऱ्यात, उद्या नवी. हा तिथला नियम होता आणि तो देवाच्या नियमासारखा पाळला जायचा.

ठणठणीत माणूस म्हणून आधी तिथल्या बऱ्याच जणांचं रक्त घेत. पण एक जण नोकरी सोडून गेला, एकीला सांधेदुखी जडली, एकाला दर पंधरवड्याला सर्दी. उरल्या काकू. त्यांना ना ताप, ना खोकला, ना गोळी. सर्दीसुद्धा त्यांच्या वाटेला जाताना आधी विचारून जात असेल. त्यांचा खळगा कधी म्हणजे कधी रंगला नाही, म्हणून आधी गमतीत आणि मग सवयीने त्या सगळ्यांच्या कोऱ्या काकू झाल्या. मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना धुण्याच्या खोलीच्या दारात थांबून सांगायच्या की आमचं सगळं संशोधन या बाईंच्या दंडावर उभं आहे. काकू तेव्हा पाठमोऱ्या उभ्या राहून बाटली जरा जास्तच घासायच्या.

घरी त्यांच्या यजमानांना याचं भारी कौतुक. त्यांचं कोपऱ्यावर कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. सगळी गल्ली त्यांना किल्लीवाले काका म्हणायची. गिऱ्हाईकाची किल्ली कानशीने घासता घासता ते सांगायचे, की बायकोचं रक्त प्रमाण मानतात, तसं तिचं म्हणणं प्रमाण मानायची सवय मला आधीपासूनच आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी पहिल्या खळग्याला रंग आला.

फार नाही, लिंबाची साल पाण्यात पडावी एवढाच. प्लेट लावली होती चष्मेवाल्याने. हा तिथे डॉक्टरेटसाठी संशोधन करणारा तरुण. हुशार, पण चष्मा कपाळावर सरकवून तोच शोधत फिरणारा. त्याने नियमाप्रमाणे प्लेट फेकली आणि मंगळवारी नवी लावली. पुन्हा रंग. बुधवारी पुन्हा. मग सुरू झाली ती चोराची शोधाशोध.

आधी संशय गेला काठावर. पहिला खळगा प्लेटच्या काठाला असतो, काठाला ऊब जास्त लागते, म्हणून रंग येत असेल. काकूंची निवळ मधल्या खळग्यात घातली. मध्येही रंग आला, आणि काठावर जो दुसरा होता तो बापडा कोरा राहिला. मग रंगाच्या औषधाची बाटली बदलली. मग रंग मोजणारं मशीन दुरुस्त करणारा आला. त्याने ते उघडलं, फुंकर मारली, मिटलं, आणि मशीनमध्ये काही दोष नाही असं सांगून गेला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणही सरळ निघालं.

प्लेटी मात्र कचऱ्यात जातच होत्या. आणि कुणाच्या, अगदी कुणाच्याही मनात आलं नाही की खळगा खरं बोलत असेल. का यावं? तो काकूंचा खळगा होता. सूर्य उशिरा उगवला तर माणूस आधी घड्याळाला शिव्या घालतो, तसं हे.

शेवटी चष्मेवाल्याने चाचरत चाचरत सुचवलं, की ठणठणीत निवळ ज्या बाटलीतल्या पाण्यात पातळ करतात, ती बाटली नीट धुतली जात नसेल. साबणाचा अंश राहत असेल.

हे त्याने काकूंसमोर म्हटलं नव्हतं. पण धुण्याच्या खोलीचं दार उघडं होतं.

काकू काही बोलल्या नाहीत, आणि काकू बोलत नाहीत म्हटल्यावर सगळी प्रयोगशाळा हळू चालायला लागली. त्यांनी कपाटातली प्रत्येक बाटली खाली काढली, धुतलेलीसुद्धा. साबण बदलला, ब्रश बदलला, शुद्ध पाण्याच्या धारेखाली एकेक बाटली अशी धरली की बाटलीलाच लाज वाटावी. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच एकदा पुटपुटल्या. भट्टीतून सगळ्या बाटल्या वाळून निघाल्यावर त्या थेट चष्मेवाल्यापुढे जाऊन बसल्या आणि त्यांनी बाही वर केली.

"घे," त्या म्हणाल्या. "शिळ्या नळीतलं नको. ताजं घे. माझं रक्त कधी खोटं बोललेलं नाही. आज तेच सांगेल तुला बाटलीत साबण आहे का तुझ्या डोक्यात."

त्याने निमूटपणे रक्त घेतलं, निवळ सुटू दिली आणि काकूंच्या डोळ्यांदेखत प्लेट लावली. नव्या बाटलीतलं पाणी, नवं औषध, सगळं नवं. काकू हाताची घडी घालून शेजारी उभ्या. शेवटचं औषध पडलं. आधी काही नाही. मग पहिल्या खळग्याला रंग चढायला लागला. या वेळी लिंबाची साल नव्हती. चांगला गर्द पिवळा, दारातून दिसावा असा.

काकूंनी प्लेटकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग पुन्हा प्लेटकडे. नक्की प्लेट नासकी आहे, असं म्हणाल्या आणि ॲप्रन झटकून आत गेल्या.

चष्मेवाला मात्र जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता, त्यामुळे त्याला दिसलं असावं. तो उठला आणि मोठ्या मॅडमकडे गेला.

मॅडमनी काकूंना आपल्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. इतक्या वर्षांत काकू त्या खोलीत पुसायला, ठेवायला, निरोप द्यायला गेल्या होत्या, पण बसल्या नव्हत्या. आज त्या खुर्चीच्या अगदी काठावर टेकल्या.

"काकू, प्लेट खोटं बोलत नाहीये असं मला वाटायला लागलंय."

"मग काय मी खोटं बोलते?"

"तुम्ही काहीच बोलत नाही आहात. तुमचं रक्त बोलतंय. आणि आम्ही एवढे शिकलेले लोक त्याला गप्प बस म्हणून कचऱ्यात टाकतोय."

मग मॅडमनी नीट समजावून सांगितलं. रंग आला म्हणजे रोग आहेच असं मुळीच नाही. कित्येकांच्या रक्तात अशी हत्यारं असतात आणि आत शोधलं तर काहीच मिळत नाही. पण बघितल्याशिवाय ते कळणार कसं? या प्लेटवर प्रथिनं होती ती फुप्फुसाच्या कॅन्सरची, तेव्हा छातीचा स्कॅन करून घ्यावा. समोरच्याच इमारतीत होईल, मी बोलून ठेवते. जे काही असेल ते लवकर कळणं, यासाठीच तर आपण सगळे इथे मरमर करतोय ना?

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या तपासणीला बाहेरचे लोक यायचेत, काचसामान सगळं मांडायचंय, ते होऊ दे, मग बघू. मॅडम म्हणाल्या, तपासणीवाले बाटल्या बघायला येतात, तुमच्यापेक्षा बाटल्या मोठ्या नाहीत. काकू म्हणाल्या, हो हो, बघते ना. आणि बघायचं नाही असं ठरवूनच खोलीबाहेर पडल्या.

माणसाचं मन कसं असतं बघा. हीच बाई सात-आठ वर्षं लोकांना सांगत आली होती, की अहो, लवकर कळलं तर सगळं निभावतं. गल्लीत कुणाला खोकला लागला तर हिने डॉक्टरकडे पिटाळावं. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा छाती पुढे काढून चालायला लागली, जणू छातीच्या आतलं कुणाला दिसू नये म्हणून. खोकला नाही, दम लागत नाही, तीन जिने एका श्वासात चढते, मग काय बघायचंय? असं त्या जिन्यालासुद्धा ऐकवून आल्या.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. नुसत्या धूत सुटल्या. जेवणाची भांडी झाली, मग फळीवरचे डबे उतरवले, मग बरण्या, मग पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे पेले. किल्लीवाले काका टेबलापाशी बसून एका जुन्या कुलपात तेल सोडत होते. त्यांनी विचारलं,

"बरण्यांनी काय केलंय?"

काकूंच्या हातातला पेला थांबला. मग त्यांनी पाठ न वळवता सगळं सांगून टाकलं. सोमवारचा रंग, साबणाचा आळ, ताजं रक्त, मॅडमची खुर्ची. सांगताना चष्मेवाल्याला चार शब्द जास्तच बोलल्या. काका ऐकत होते. कुलूप त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

त्यांना धाकटी बहीण होती. म्हणजे काकूंची नणंद, पण नणंदेपेक्षा मैत्रीण जास्त. तिला खोकला लागला तेव्हा धूळ म्हणाली, मग हवा बदलली म्हणाली, मग दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेली, आणि डॉक्टरांनी फोटो बघून हात टेकले. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. दोघं तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. तिचा पेलाही त्या धुतलेल्या पेल्यांतच होता.

काकांनी तिचं नाव काढलं नाही. ते म्हणाले,

"अगं, माझ्याकडे कधी कधी माणूस नुसती किल्ली घेऊन येतो. म्हणतो, काका, घरात सापडली, कशाची आहे माहीत नाही. मी त्याला काय सांगतो?"

"मला काय माहीत काय सांगता."

"फेकून दे असं कधी सांगत नाही. कारण कुलूप नसताना किल्ली कुणी घडवत नाही. एवढी कानशीची घासघास उगाच कोण करेल? तुझ्या आत कुणीतरी बसून किल्ली घडवलीय. कुलूप कुठेय तेवढं बघून येऊ."

"मॅडम म्हणाल्या, काही वेळा नसतंसुद्धा."

"नसेल. कधी कधी कुलूप केव्हाच मोडीत गेलेलं असतं आणि किल्ली तेवढी मागे राहते. तसं असेल तर घरी येऊ, चहा पिऊ. पण दाराला हात लावून बघायला काय जातं?"

काकू बराच वेळ पेला पुसत राहिल्या. पेला कधीचाच कोरडा झाला होता. मग त्या अगदी हळू, लहान मुलीसारख्या म्हणाल्या,

"मला कोरीच राहायचं होतं हो."

काका उठले, त्यांच्या हातातला पेला काढून घेऊन फळीवर ठेवला, आणि म्हणाले, की मला रंगीत बायको चालेल, नसलेली चालणार नाही. काकू हसल्या आणि मग रडल्या, त्याच क्रमाने. झोपण्याआधी देवापुढे बसल्या तेव्हा त्यांनी रोजच्यासारखं काही मागितलं नाही. आत जे कोण पहाऱ्याला बसवले आहेत त्यांना तूच बसवलंस, एवढंच म्हणाल्या, मग मी त्यांचं ऐकायला नको का?

दुसऱ्या दिवशी बाटल्या तशाच ठेवून त्या स्कॅनला गेल्या. मोठ्या कड्यासारखं मशीन, त्यातून आत सरकवतात. आतून आवाज आला की श्वास रोखा. काकूंनी विचारलं, किती वेळ? आवाज म्हणाला, बोलू नका. काकू म्हणाल्या, बरं. आवाज म्हणाला, बरंसुद्धा म्हणू नका. बाहेर काका काचेआडून हे बघत होते. त्यांनी नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं, की तिला गप्प बसवणारं मशीन निघालंय, पण ते फार महाग असल्यामुळे घरी आणता येणार नाही.

कुलूप होतं. उजव्या फुप्फुसात, खालच्या बाजूला, वाटाण्याच्या निम्म्याएवढा एक ठिपका. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवला तेव्हा काकूंना आधी दिसलाच नाही. एवढासा ठिपका खोकला आणत नाही, दुखत नाही, जिने चढताना आडवा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो आपणहून कळण्याएवढा मोठा होतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. काकांनी नुसती मान हलवली. ते त्यांना माहीत होतं.

ऑपरेशन करायचं ठरलं. छातीवर लहान लहान छेद देऊन तेवढा तुकडा काढायचा. काकूंना मागून बांधायचा झगा दिला, तेव्हा त्यांनी नर्सला विचारलं, की एवढं शिकूनसवरून तुम्हा लोकांना पुढून बांधायचा झगा कसा शिवता येत नाही? आत नेल्यावर शेजारच्या तबकातली हत्यारं त्यांनी मान उंचावून बघितली आणि हसऱ्या चेहऱ्याच्या सर्जनबाईंना म्हणाल्या, की धुतलीयत चांगली, मी बघितलं. सर्जनबाई म्हणाल्या, आता माझ्या जिवात जीव आला. हा त्यांचा शेवटचा संवाद काकूंना आठवत होता. नंतर नुसती झोप.

तुकडा तपासला तर तो कॅन्सरच निघाला. पण अगदी पहिल्या पायरीवरचा, कडा स्वच्छ, शेजारीपाजारी कुठे गेलेला नव्हता. पुढे काही औषध लागणार नाही, फक्त ठरावीक काळाने येऊन दाखवत जा, असं सांगून डॉक्टरांनी काकूंना घरी पाठवलं. पहिले काही दिवस शिंक आली की टाके आठवायचे. नंतर तेही नाही. घरात बसून मात्र काकू कंटाळल्या, आणि काकू कंटाळल्या म्हणजे काका दुकान लवकर उघडायला लागले.

तिकडे प्रयोगशाळेत काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार झाल्याचं सगळ्यांना कळून चुकलं होतं. ज्याच्या शोधात जन्म घालवायचा तेच समोर येऊन रंगत होतं आणि नियमाप्रमाणे कचऱ्यात जात होतं. मॅडमनी नियमच बदलला. आता ठणठणीत निवळ एका माणसाची घ्यायची नाही, बऱ्याच जणांची एकत्र करायची, आणि तिला रंग आला तर प्लेट फेकण्याआधी ती निवळ ज्यांची आहे त्या माणसांना तपासायचं. चष्मेवाल्याने थंडपेटीतल्या काकूंच्या जुन्या नळ्या काढून एकामागून एक तपासल्या. जुन्या सगळ्या कोऱ्या. मग आदल्या वर्षाच्या मधल्या एका नळीत डोळ्याला दिसणार नाही, फक्त मशीनला दिसेल एवढा रंग. तेव्हाच आत कुणीतरी कानस हातात घेतली होती. काकू तेव्हा काय करत होत्या, तर दारातल्या पाहुण्यांकडे पाठ करून बाटली घासत होत्या.

काकू कामावर परतल्या त्या दिवशी चष्मेवाला धुण्याच्या खोलीत आला. साबणाबद्दल काही बोलायचं होतं, पण ते त्याला जमेना. काकूंनी त्याला फार ताटकळत ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, की तू मला साबण म्हणालास म्हणून मी बाही वर केली, नाहीतर कधी केली असती? तेव्हा जाऊ दे ते. पण माझ्या बाटल्यांत साबण नव्हता, हे एकदा मोठ्याने म्हण. त्याने ते मोठ्याने म्हटलं.

एक गोष्ट मात्र काकूंना आत कुठेतरी टोचत होती. पहिला खळगा आता त्यांचा नव्हता. तो दहाजणांचा झाला होता, त्यात सर्दीवालासुद्धा होता. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी प्लेट लावताना चष्मेवाल्याने त्यांना हाक मारली आणि शेवटच्या खळग्याकडे बोट दाखवलं.

त्याने सांगितलं ते असं, की प्लेट खरी आहे हे कळायला एक कोरा खळगा लागतो, तसा नक्की रंगणाराही एक लागतो. नाहीतर रंगाचं औषध मेलंय की सगळे लोक ठणठणीत आहेत, हे कसं ओळखायचं? ऑपरेशनच्या आधी काकूंचं जे रक्त घेतलं होतं, त्याची निवळ त्याने थोडी थोडी करून जपून ठेवली होती. संशोधनासाठी रक्त वापरायची परवानगी काकूंनी ऑपरेशनच्या कागदांवरच सही करून दिली होती, म्हणून मॅडमनी आता ती शेवटच्या खळग्यात घालायचं ठरवलं होतं. आता या खळग्याला रंग आला नाही, तर अख्खी प्लेट कचऱ्यात.

काकू वाकून बघत राहिल्या. खळगा हळूहळू पिवळा झाला.

"म्हणजे अजूनही माझ्याच दंडावर चाललंय सगळं," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट ऐकून काकांनी घरी नवीन नाव ठेवायचा प्रयत्न केला, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. त्या कोऱ्या काकूच राहिल्या.

काही महिन्यांनी एक दिवस काकू धुतलेल्या बाटल्यांची गाडी ढकलत बाहेरच्या खोलीतून चालल्या होत्या. तिथे बाकावर एक बाई बसली होती. तपासणीसाठी रक्त देऊन गेलेल्यांपैकी. तिच्या खळग्याला रंग आला होता आणि स्कॅनबद्दल बोलायला मॅडमनी तिला बोलावलं होतं. बाई धडधाकट, खांद्याला पिशवी, आणि उठायच्या बेतात. शेजारच्या कुणाला तरी सांगत होती, की मला काही होत नाही, खोकला नाही की ताप नाही, यांचं मशीन बिघडलं असेल, आणि घरी किती कामं पडलीयत.

काकूंनी गाडी थांबवली. बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या.

"मशीन बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाटल्याही स्वच्छ आहेत, त्या मी धुते. मलाही काही होत नव्हतं. बसा जरा."

त्या बाईने एकदा दाराकडे बघितलं. मग पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. काकूही तिच्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, की आमच्या ह्यांचं किल्ल्यांचं दुकान आहे, ते काय म्हणतात ते ऐका.